माजघरातून : तळहाताएवढा गालिचा



वऱ्हाडातल्या एका शेतकरी घरातल्या सुनेचे पत्र आले आहे. फुलीच्या टाक्यात तिचा हात चांगला बसलेला आहे. गावात कुणाचे लग्न निघाले की रुखवतातली भरतकामाची वस्तू हिच्याकडून करून घ्यायची, अशी रीतच पडली आहे. तिच्या नणंदेची मुलगी अमेरिकेत असते. तिने आपल्या लेकीसाठी लाकडाचे बाहुलीघर घेतले आहे, चांगले सहा खोल्यांचे. त्या सहाही खोल्यांत अंथरायला हाताने भरलेले छोटे गालिचे मामीने करून द्यावेत, ते नाताळच्या सुट्टीपर्यंत मिळावेत आणि पैसे काय होतील ते मोकळेपणी सांगावे, असा तिचा निरोप आहे. सोबत मोबाइलवर चित्रे. सासूबाईंचे म्हणणे असे की, तळहाताएवढ्या चिंधीचे भाचीकडून पैसे कसले घ्यायचे? तेव्हा पत्रलेखिकेचे तीन प्रश्न आहेत. हे मला जमेल का, कसे करायचे, आणि पैशांचे काय सांगू?

पहिल्याचे उत्तर एका शब्दात, जमेल. उरलेल्या दोहोंना मात्र हे सगळे पान लागणार आहे. तिसरा प्रश्न दुसऱ्याच्या पोटातच दडला आहे, म्हणून आधी काम समजून घेऊ.

आपल्या मुली भातुकली खेळतात. चूल, पोळपाट, जाते, पाटावरवंटा, सगळे बोटाएवढे. आपल्या खेळात भांडी असतात, घर बहुधा नसते. ओट्याचा कोपरा किंवा झाडाची सावली हेच घर. युरोपात उलटे झाले. तिथे आधी घर आले, एक बाजू उघडी असलेल्या कपाटासारखे, आणि त्यात खोल्या मांडल्या गेल्या. ही घरे सुरुवातीला मुलांच्या हाती कधी दिलीच जात नसत. ती श्रीमंतांची हौस होती. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमान नावाच्या बाईचे बाहुलीघर आहे. ते १६८६ ते १७१० च्या सुमारास सजवले गेले. त्याला वीस ते तीस हजार गिल्डर खर्च आला असे सांगतात. तेवढ्या पैशांत त्या काळी त्याच शहरात कालव्याकाठचे खरे घर विकत मिळाले असते! जर्मनीतल्या नुरेंबर्ग शहरात त्याआधीच, १६३१ साली, आना क्योफर्लिन नावाच्या बाईने बाहुलीघर मांडून लोकांना पैसे घेऊन दाखवले होते. घर कसे लावावे, कसे चालवावे हे मुलांनी बघून शिकावे, असे तिचे सांगणे होते. मला ही बाई आवडते. हौसही केली, शिकवणही दिली आणि वर चार पैसेही मिळवले.

पुढे गेल्या शतकात या हौसेने फारच मजल मारली. इंग्लंडच्या मेरी राणीसाठी १९२१ ते १९२४ या काळात एक बाहुलीघर बांधले गेले. त्याचा आराखडा एडविन ल्युटेन्सने काढला. नवी दिल्लीची आखणी करणारा आणि तिथले राष्ट्रपती भवन बांधणारा तोच हा ल्युटेन्स. घराला विजेचे दिवे आहेत, नळाला पाणी येते, उद्वाहक वरखाली जातात. हे घर विंडसरच्या राजवाड्यात आजही बघायला मिळते. गंमत अशी की, त्याच राजवाड्यात एका दालनात आपल्या आग्र्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणलेला एकसंध गालिचा आहे. तो व्हिक्टोरिया राणीसाठी केलेला होता. वजन सुमारे दोन टन. १९९२ साली राजवाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढायला सैनिकांची तुकडी लावावी लागली. एकाच वाड्यात एक गालिचा पलटणीने उचलावा असा आणि दुसरे चिमटीत धरावेत असे.

अमेरिकेत शिकागोच्या कलासंग्रहालयात नार्सिसा थॉर्न या बाईंनी करवून घेतलेल्या अडुसष्ट छोट्या खोल्या आहेत, १९३२ ते १९४० या वर्षांतल्या. त्यांतले बरेच गालिचे विणलेले नसून सुईने भरलेले आहेत. तेव्हा भाचीने मागितलेली गोष्ट तिकडे नवी नाही. चित्रपट बघून सुचलेले खूळ आहे असे सासूबाईंनी समजू नये.

आता मापाचे. या सगळ्या घरांचे एक ठरलेले माप असते आणि ते आपल्याला सोपे जाते, कारण फूट-इंच आपल्या बोटांवर आहेत. खऱ्या घरात जिथे एक फूट, तिथे बाहुलीघरात एक इंच. सहा फुटांचे दार सहा इंचांचे होते. साडेपाच फुटांचा माणूस साडेपाच इंचांची बाहुली. चार फूट बाय सहा फुटांचा गालिचा चार इंच बाय सहा इंचांचा, म्हणजे जवळजवळ तळहात बोटांसकट. आपली नऊवारी, म्हणजे सत्तावीस फूट लांब साडी, सव्वादोन फुटांची होईल.

पण हे एकच माप नाही. काही बाहुलीघरे याच्या निम्म्याने असतात, फुटाला अर्धा इंच. बार्बी म्हणून ती बाहुली मिळते, ती साडेअकरा इंचांची असते. तिच्या घराला फुटाला दोन इंच धरावे लागतात. म्हणून सुई हातात घेण्याआधी भाचीला विचारून घ्या. घराचे माप कोणते, प्रत्येक खोलीची जमीन किती बाय किती, आणि भिंतीपासून कडेने किती जागा मोकळी सोडायची. पलंग, टेबल कुठे येणार तेही विचारा. ज्या भागावर पलंग येणार तिथे नाजूक नक्षी भरून डोळे कशाला शिणवायचे?

आता खरे गमक. माप बाराव्या हिश्शावर आणले म्हणजे गालिच्याची नक्षीही आपोआप बाराव्या हिश्शावर येते असे वाटते. ती येत नाही. लंडनच्या एका संग्रहालयात इराणातला अर्दबिलचा गालिचा आहे, त्यावर विणलेले साल आपल्या १५३९-४० चे. सुमारे साडेचौतीस फूट लांब आणि साडेसतरा फूट रुंद. त्यात चौरस इंचाला तीनशेहून अधिक गाठी आहेत, म्हणजे एका इंचाच्या ओळीत साधारण अठरा. आपण भरतकामाला इंचात अठरा घरे असलेला कॅनव्हास घेतला, तर चौरस इंचात ३२४ टाके बसतात. म्हणजे आपले भरतकाम त्या जगप्रसिद्ध गालिच्याइतकेच बारीक झाले! पण जागा किती उरली? लांबी बारावा हिस्सा, रुंदी बारावा हिस्सा, म्हणून क्षेत्र एकशे चव्वेचाळिसावा हिस्सा. जिथे मूळ कारागिराला एक पाकळी काढायला एकशे चव्वेचाळीस गाठी होत्या, तिथे तुमच्या वाट्याला एक टाका येतो. एका टाक्यात पाकळी कशी काढणार? फक्त तिचा रंग ठेवता येतो.

म्हणून इथे जे कौशल्य लागते ते काय गाळायचे याचे. त्याची एक सोपी युक्ती सांगते. बाहुलीघर माणूस साधारण फुटभर अंतरावरून बघतो. बाहुलीच्या मापाने ते अंतर बारा फुटांचे झाले. तेव्हा घरातली पट्ट्यांची सतरंजी किंवा नक्षीची चादर ओसरीवर अंथरा, बारा पावले नव्हे, बारा फूट मोजून मागे जा आणि तिथून जेवढे दिसते तेवढेच कागदावर काढा. काठ दिसतो, मधला मोठा आकार दिसतो, दोन-तीन रंग दिसतात. काठातली वेल दिसत नाही, तिथे फक्त ठिपके जाणवतात. तेवढेच भरायचे. भाचीने पाठवलेल्या चित्रांतला इराणी फुलापानांचा गालिचा बघायला सुंदर आहे, पण पहिल्या झटक्याला तो धरू नका. चौकोनी घरांत वळणदार वेल काढायची तर ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते. वळण दिसायला पुष्कळ घरे लागतात आणि ती आपल्याकडे नाहीत. त्यापेक्षा मध्य आशियातल्या तुर्कमान लोकांची नक्षी घ्या. ते गालिचे बुखाऱ्याच्या बाजारात विकले जात, म्हणून त्यांना बुखारा हेच नाव पडले. लाल-तांबड्या जमिनीवर अष्टकोनी फुले, ओळीने. त्या फुलाला ‘गुल’ म्हणतात. आकार सरळ रेघांचा, त्यामुळे तो लहान केला तरी बिघडत नाही.

अष्टकोन असा मोजा. पहिल्या ओळीत मधली पाच घरे. दुसरीत सात, तिसरीत नऊ. चौथी, पाचवी, सहावी या तिन्ही ओळींत अकरा. मग सातवीत नऊ, आठवीत सात, नववीत पाच. अकरा घरे रुंद, नऊ घरे उंच असा गुल झाला. याची बाहेरची कड गडद निळ्याने भरा. आतली मधली उभी ओळ आणि मधली आडवी ओळ जमिनीच्याच तांबड्या रंगाने भरा, म्हणजे गुलाचे चार भाग पडतील. समोरासमोरच्या तिरक्या दोन भागांत मळकट पांढरा, उरलेल्या दोन भागांत विटकरीकडे झुकणारा नारिंगी.

संपूर्ण गालिच्याला घरे ७२ बाय १०८ न घेता ७३ बाय १०९ घ्या. विषम संख्या असली की बरोबर मधे एक घर सापडते आणि नक्षी दोन्हीकडे सारखी बसते. चारी बाजूंनी दहा-दहा घरे काठाला गेली की आत ५३ बाय ८९ उरतात. आडव्या ओळीत तीन गुल, दोन गुलांमध्ये सहा घरे, दोन्ही टोकांना चार-चार. बेरीज करून बघा, ५३ भरते. उभ्यात सात गुल, त्यांच्यामध्ये तीन-तीन घरे आणि दोन्ही टोकांना चार-चार, बेरीज ८९. काठात बाहेरून दोन घरे निळी, एक पांढरे, चार तांबडी, एक पांढरे, दोन निळी. तांबड्या पट्टीत नारिंगी चौकटी घालायच्या असतील तर आधी चारी कोपऱ्यांत एकेक चौकट भरून घ्या आणि मग मधल्या जागेत सारख्या अंतराने वाटा. कोपरा शेवटी राहिला की तो हमखास चुकतो.

कापडाविषयी. तालुक्याच्या गावी भरतकामाच्या दुकानात मॅटी मिळते, तिच्यावर आपण सगळ्या शिकलो. दुकानातच पट्टी लावून इंचात किती घरे आहेत ते मोजा. दहा-अकराच भरली तर चार बाय सहा इंचांत नक्षीला फार थोडी घरे मिळतील. पट्ट्यांच्या सतरंजीला ते कापड चालेल, गुलाला नाही. अठरा घरांचा कॅनव्हास मोठ्या शहरातून मागवावा लागेल, किंवा भाचीलाच तिकडून पाठवायला सांगा. तिकडे बावीस आणि चोवीस घरांचाही मिळतो आणि रेशमी जाळी चाळीस घरांची. चाळिसाच्या वाटेला तुम्ही जाऊ नका. तो भिंगाखाली करायचा उद्योग आहे.

टाक्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण नेहमीच्या सवयीने इथे फसगत होते. आपला हात पूर्ण फुलीला सरावलेला. पूर्ण फुलीने टाका उंच होतो आणि बाहुलीच्या पायाखाली तो गालिचा मुरमासारखा खडबडीत दिसतो. म्हणून एकच तिरका टाका, म्हणजे अर्धी फुली घ्यायची. सगळे टाके एकाच दिशेला झुकलेले हवेत. कापड मधेच फिरवून धरले की त्या जागी प्रकाश वेगळा पडतो आणि चट्टा दिसतो. तोही टाका दोन रीतींनी पडतो. ओळीने सरळ जाऊन भरला तर कापड एका बाजूला ओढले जाते आणि शेवटी चौकोनाची शंकरपाळी होते. त्याऐवजी जमीन तिरकी भरत जायची. एका तिरक्या ओळीने खाली उतरायचे, शेजारच्या तिरक्या ओळीने वर यायचे. मागच्या बाजूला टोपलीच्या विणीसारखी वीण दिसू लागली की समजा बरोबर चालले आहे. या रीतीने धागा थोडा जास्त जातो, पण कापड सरळ राहते आणि पाठ भक्कम होते. गुलाची कड वगैरे बारीक जागी सरळ ओळ चालते.

सहा पदरी लच्छीतले दोन पदर अठराच्या कॅनव्हासला पुरतात. आधी इंचभर तुकडा भरून बघा. खालचे कापड टाक्यांतून डोकावत असेल तर तीन पदर करा. टाके एकमेकांवर चढत असतील तर दोनच ठेवा. सुई बोथट टोकाची. धागा हातभरच घ्या, लांब घेतला तर घरांतून ओढून ओढून त्याची चमक जाते. गाठ मारायची नाही. गाठीवर गालिचा डुगडुगतो. सुरुवातीचे टोक मागे टाक्यांखाली दाबून टाका. एवढ्या गालिच्याला सगळे मिळून तीन लच्छ्यांच्या आतच धागा लागतो, पण रंग चार, म्हणून लच्छ्या चार आल्याच. जमिनीच्या तांबड्याच्या मात्र दोन घ्या आणि एकाच वेळी घ्या. पुढच्या खेपेला तोच नंबर आणला तरी रंगात किंचित फरक येतो, आणि तो जमिनीवर उठून दिसतो.

रंग निवडताना आपल्याला भडक लाल-पिवळा घ्यावासा वाटतो, रुखवतात तो शोभतोही. गालिच्यासाठी दुकानदाराने पुढे केलेल्या रंगाहून एक पायरी मळका रंग मागा. जुन्या गालिच्यांची लोकर मंजिष्ठाच्या मुळांनी लाल रंगवत, निळीने निळी आणि डाळिंबाच्या सालीने पिवळी. असे रंग उन्हापावसाने निवलेले दिसतात. लहान वस्तूत भडक रंग आणखीच ओरडतो.

भरून झाले की खरे तर निम्मे काम झाले. तुकडा थोडाफार तिरका झालेला असतोच. आधी लाल धाग्याचे टोक ओले करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, रंग सुटत नाही ना. सुटत नसेल तर तुकडा ओलसर करा, जेवायच्या लाकडी पाटावर स्वच्छ फडके घालून त्यावर पालथा ठेवा, गुण्याने चारी कोपरे काटकोनात ओढून न गंजणाऱ्या टाचण्या जवळजवळ टोचा आणि दोन दिवस सावलीत तसाच राहू द्या. ओला झाल्याने कापडातली खळ सैल होते, वाळताना ती नव्या आकारात धरते. उन्हात घालू नका. गंजकी टाचणी तर नकोच, वीस तासांचे काम एका पिवळ्या डागाने जाते.

नंतर कडेने अर्धा इंच कापड ठेवून बाकीचे कापा. दोन लांब बाजू मागे दुमडून बारीक शिवा, आणि दुमड जाड वाटली तर फेव्हिकॉलचा अगदी पातळ हात द्या. दोन आखूड बाजूंना कापडाचे आडवे धागे काढून दशा सोडा, पाव इंचाहून कमी. दशा चारी बाजूंना लावलेले गालिचे मी बघितले आहेत. दिसायला हौशी दिसतात, पण विणकर हसेल. मागावरच्या उभ्या ताण्याची टोके उरतात त्या दशा, म्हणून त्या दोनच टोकांना असतात. आपल्या टॉवेलाच्या, उपरण्याच्या बघा ना.

आणि एक. खरा गालिचा आपल्या वजनाने जमिनीला बसतो. छोट्याला तेवढे वजनच नसते, कोपरे वर उचलतात. वर सांगितलेली बाहुलीची नऊवारी नेसवायला घ्या, निऱ्या पडत नाहीत, फुगून उभ्या राहतात. त्याचे कारण हेच. म्हणून मागून अस्तर जाड लावू नका, लोकर वापरू नका, आणि टपालात पाठवताना गालिचा घडी न घालता पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा.

आता पैसे. सगळे टाके किती? ७३ गुणिले १०९, म्हणजे ७,९५७. जवळजवळ आठ हजार. मिनिटाला आठ टाके पडतात असे धरले तर हजार मिनिटे, म्हणजे साडेसोळा तास. त्यात मोजणी, चुकले तर उसवणे, पाटावर ताणणे, कडा शिवणे, दशा काढणे धरा. वीस तास कुठे गेले नाहीत. आठ तासांचा दिवस म्हटला तर अडीच दिवस. एका गालिच्याला.

सासूबाईंना हे कागदावर मांडून दाखवा, आणि वाद न घालता दाखवा. त्या वऱ्हाडातल्याच आहेत, कापूस वेचणीचा हिशेब त्यांना शिकवायला नको. बोंड हलके असते म्हणून वेचणारणीला कुणी कमी देत नाही. किलो भरायला जेवढ्या वेळा वाकावे लागते तेवढ्याची ती मजुरी असते. गालिचा तळहाताएवढा आहे म्हणून आठ हजार टाके आठशे होत नाहीत. उलट मोठ्या खणाच्या जाड टाक्यांपेक्षा याला डोळे जास्त लागतात.

तुमच्या गावात निंदणाला बाईला दिवसाची जी मजुरी मिळते ती घ्या. अडीच दिवसांची ती मजुरी हा तुमचा खालचा आकडा. त्याखाली यायचे नाही, मग भाची असो की कुणी असो. या आकड्यात धागा, कापड, टपाल मिळवा. हे कसबी काम आहे, म्हणून शिवणकाम करणारी बाई गावात दिवसाचे जे मिळवते ते धरलेत तरी त्यात वावगे काही नाही. माझे मत विचाराल तर पहिला गालिचा भाचीच्या लेकीला मामीआजीकडून भेट म्हणून द्या, तशी चिठ्ठीही घाला. उरलेल्या पाचांचा हिशेब वेगळा लिहून पाठवा, टाके, तास, मजुरी, सामान असा ओळीने. नात्यात पैशांचे बोलणे अवघड जाते ते आकडा तोंडाने सांगावा लागतो म्हणून. कागदावर लिहिला की तो भांडत नाही. भाचीने स्वतःहून विचारले आहे, ती समंजस असणार. आणि उद्या तिच्या मैत्रिणींनी मागणी केली तर तेव्हा दर वाढवता येणार नाही. आज सांगाल तोच दर लोक धरून चालतील.

वेळेचे तर त्याहून नीट बघा. सहा गालिचे, प्रत्येकी वीस तास, म्हणजे एकशेवीस तास. शेताच्या घरात दुपारची भांडी झाल्यावर आणि गुरांची वेळ होण्याआधी बाईला दीड तास मिळाला तर पुष्कळ. एकशेवीस तासांना अशा ऐंशी दुपारी लागतील. मधे सणवार आहेत, आणि कापूस फुटला की दुपार कसली नि फुरसत कसली. नाताळपर्यंत सहा होणार नाहीत. आत्ताच तसे कळवा. दिवाणखान्याचा आणि झोपायच्या खोलीचा असे दोन नाताळला, बाकीचे चार उन्हाळ्यात. स्वयंपाकघराला गुलाचा गालिचा कशाला हवा? तिथे पट्ट्यांची सतरंजी भरून द्या, जाड मॅटीवर चार-पाच दुपारींत होते. एखाद्या खोलीला काळी घोंगडी किंवा ठिगळांची वाकळ करून पाठवली तर त्या पोरीला आपल्या आजोळची खूणही मिळेल. भाचीला विचारून बघा.

रात्री दिव्याखाली हे काम नको. गडद निळा आणि गडद तांबडा शेजारी असले की बल्बच्या उजेडात ओळखू येत नाहीत, आणि सकाळी उसवत बसावे लागते. दुपारी दाराशी, उजेड डाव्या खांद्यावरून येईल असे बसा. मांडीवर पांढरे फडके पसरले तर घरे स्पष्ट दिसतात. वीसेक मिनिटांनी मान वर करून लांबच्या झाडाकडे बघत चला. चाळिशी उलटली असेल तर चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या, त्याचा खर्चही हिशेबात लाजू नका.

आणि मिनिटाला आठ टाके हा मी धरलेला आकडा आहे, तुमचा हात माझ्या ठाऊक नाही. पहिल्या दिवशी एकच गुल भरा, कड निळी, आत चार भाग, एकूण ७५ घरे. सुरू करताना आणि संपवताना घड्याळ बघून कागदावर लिहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तोच गुल पुन्हा भरा, कारण पहिल्या दिवशीचा वेळ मोजण्यातच जातो. तिसऱ्या दिवशीचे जे मिनिट येईल त्यावर दर ठरवा आणि मगच भाचीला उत्तर पाठवा.